काढ्याची बाटली आणि अतिदक्षता विभाग

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मध्य प्रदेशात आहेत. परंतु तेथील घरांतून ऐकू येणारी भाषा मराठी आहे, पोळा आणि तान्हा पोळा हे तेथील सण आहेत, आणि घरातील माणूस जिवावरच्या दुखण्याने खिळले म्हणजे गाडी ज्या शहराकडे वळते ते शहरही महाराष्ट्रातले, नागपूर आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि संत्र्यांचा हा टापू मध्य प्रदेशात राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा झाला तरी अत्यवस्थ रुग्णाची नागपूरची वाट काही सुटलेली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात, त्या गोटमारीत ज्यांचे डोके फुटते त्यांच्यापैकी गंभीर जखमींना नागपूरलाच हलवावे लागते. ही गोष्ट आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना परकी वाटू नये. सावंतवाडी-दोडामार्गचा रुग्ण राज्याची सीमा ओलांडून बांबोळीला जातो, त्यातलाच हा प्रकार.

अशा रुग्णाबरोबर जे नातेवाईक येतात, त्यांच्या पिशवीत कपडे असतात, भाकरीचा डबा असतो, मोसम असेल तर संत्री असतात आणि पुष्कळदा एक बाटली असते. बाटलीत काढा असतो. सातपुड्याच्या रानातून, तामियाकडच्या पाताळकोटातून आलेल्या मुळ्या-साली या भागाच्या आठवडी बाजारात मिळतात. गावचा वैदू किंवा घरातील म्हातारी त्या उकळून देते. बेलाचा गर, कुड्याची साल, मुरुडशेंग, सुंठ ही त्यातली ओळखीची नावे. पोट सुटले असेल तर धरावे, आणि धरले असेल तर सुटावे, एवढाच त्यामागील हेतू. काचेच्या दारापलीकडे माणूस निपचित पडलेला, नाकातून नळी घातलेली, आणि दाराशी त्याची बायको किंवा भाऊ परिचारिकेला हळूच म्हणतो, “सिस्टर, एवढं नळीतून द्या ना जी.”

या विनंतीला आपल्या रुग्णालयांतून दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक म्हणजे खेकसणे. दुसरे म्हणजे काणाडोळा. नातेवाईकाच्या भेटीच्या वेळात कोणी पाहत नसताना दोन चमचे नळीत उतरतात आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दुसरे तर प्राणघातक ठरू शकते. परंतु ती का चुकीची आहेत हे नीट पाहावयाचे तर त्या बायकोची मागणी मुळात वेडगळ आहे हा ग्रह आधी सोडला पाहिजे.

आतडे हे अन्न पुढे ढकलणारी नुसती नळी आहे, असे वैद्यकशास्त्रालाही फार काळ वाटत होते. वस्तुतः माणसाच्या पचनमार्गाचा आतील पृष्ठभाग सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानाएवढा भरतो, आणि या अफाट पृष्ठभागावर पेशींचा एकच पातळ थर असतो. त्याच्या एका बाजूला अब्जावधी जंतू आणि दुसऱ्या बाजूला आपले रक्त. हा थर तीन ते पाच दिवसांत नवा होत असतो. त्याला त्यासाठी रक्तपुरवठा लागतो आणि समोरून येणारे अन्नही लागते. मोठा अपघात, विस्तीर्ण भाजणे, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशा प्रसंगी शरीर रक्त हृदय व मेंदू यांकडे वळविते आणि पहिली उपासमार आतड्याची करते. त्यातच वेदना शमविण्यासाठी दिलेले अफूवर्गीय औषध आतड्याची हालचाल थोपविते, प्रतिजैविके तेथील उपकारक जंतूंचाही फडशा पाडतात. बांध खचला की पलीकडचे जंतू आणि त्यांची विषे अलीकडे झिरपतात. १९८६ साली मीकिन्स व मार्शल या दोन शल्यविशारदांनी आतड्याला ‘अनेक अवयव निकामी होण्यामागची मोटर’ म्हटले, ते याच अर्थाने. त्यांच्या मांडणीतील तपशिलांवर पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु अत्यवस्थ रुग्णाचे आतडे सांभाळले पाहिजे, हे आता कोणी नाकारीत नाही. रुग्णाचा रक्तदाब स्थिरावताच, शक्य तर पहिल्या २४ ते ४८ तासांत, नळीवाटे थोडे थोडे अन्न सुरू करावे हा आज जगभरचा प्रघात आहे.

तेव्हा ‘त्याच्या पोटात काहीतरी जाऊ द्या’ हे त्या बाईचे म्हणणे दिशेने बरोबर आहे. आपल्या वैद्यकपरंपरेतही त्याला आधार आहे. चरकाने ग्रहणी हे अग्नीचे स्थान मानले आणि अग्नी मंदावला असता एकदम जड अन्न न देता आधी पेया, मग विलेपी, मग यूष असा चढता क्रम सांगितला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीने खंगलेल्यांना एकदम भरपूर अन्न दिल्यावर त्यातले कित्येक दगावले, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यक तोच धडा पुन्हा शिकले. कोकणातील तापकऱ्याला प्रथम पेजेचे पाणी पाजणारी आजी या परंपरेतलीच. मात्र यावरून आपल्या ऋषींना अतिदक्षता विभाग ठाऊक होता असा निष्कर्ष काढण्याची जी हौस हल्ली पसरली आहे, तिच्या वाटेला आम्ही जाणार नाही.

वनस्पतींचे म्हणाल तर अतिदक्षता विभागातून त्या हद्दपार झालेल्या आहेत ही समजूतच खरी नव्हे. मॉर्फिन खसखशीच्या बोंडातून आले. त्याने अडलेले आतडे चालू करण्यासाठी आजही अनेक देशांतील अतिदक्षता विभागांत जे औषध दिले जाते, ते आपल्या सोनामुखीचे सत्त्व आहे. बेल्जियममधील डॉक्टरांनी रक्तदोषाच्या रुग्णांच्या नळीच्या अन्नात गवारीच्या डिंकापासून केलेला विरघळणारा तंतू मिसळला आणि त्यांचे जुलाब कमी झाल्याचे २००१ साली नोंदविले. प्रयोग अवघ्या पंचवीस रुग्णांचा होता, परंतु पद्धतशीर होता. जपानची गोष्ट तर आमच्या वाचकांना अधिक जवळची वाटावी. तेथे पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडे स्तब्ध होते तेव्हा ‘दाइकेन्च्युतो’ नावाचे पारंपरिक औषध देतात. त्यात सुंठ आहे, जिनसेंग आहे, माल्टोज ही साखर आहे आणि ‘सान्शो’ हे फळ आहे. हे सान्शो म्हणजे आपण बांगड्याच्या आमटीत टाकतो त्या तिरफळाचे सख्खे नव्हे तरी चुलत भावंड. जिभेला मुंग्या आणणारे त्यातले द्रव्य आतड्याच्या मज्जातंतूंनाही चाळविते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. जपानी परंपरेतील अशी औषधे १९७६ पासून तेथील राष्ट्रीय आरोग्यविम्यात मोठ्या प्रमाणावर सामील झाली. पण तेवढ्यावर न थांबता जपानी शल्यविशारदांनी या औषधाच्या रीतसर चाचण्या घेतल्या, आणि निकाल संमिश्र आले तेव्हा ते तसेच छापले.

चीनमध्ये रेवंदचिनीच्या जातीचे मूळ स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात व रक्तदोषात नळीवाटे देतात. आतडे लौकर चालू लागते असे बऱ्याच अभ्यासांत आढळले; मात्र त्यांतील पुष्कळ अभ्यास लहान आणि ढिल्या पद्धतीचे आहेत. याहून भरभक्कम काम २०२३ साली प्रसिद्ध झाले. ‘श्वेबिजिंग’ हे पाच वनस्पतींपासून केलेले, शिरेतून देण्याचे औषध ४५ अतिदक्षता विभागांतील १,८१७ रक्तदोषग्रस्तांवर तपासले गेले. कोणाला औषध आणि कोणाला नुसते पाणी हे रुग्णालाही ठाऊक नव्हते, डॉक्टरलाही नव्हते. अठ्ठावीस दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी १८.८ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी २६.१ टक्के. ही सारी रुग्णालये चीनमधलीच, तेव्हा इतरत्र हाच निकाल येतो का हे पाहावे लागेल. त्या पाच वनस्पतींपैकी एक करडईचे फूल आहे. विदर्भ-मराठवाड्यात करडई पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली. आपण तिचे तेल काढले, भाजी केली, आणि फुलाकडे काट्यांच्या भीतीने पाहिलेही नाही!

इतके वाचून जर कोणी म्हणेल की, मग द्या ना तो काढा नळीतून, तर त्याने हॉलंडमध्ये काय घडले ते ऐकावे.

तेथील पंधरा रुग्णालयांनी स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे रुग्ण घेतले आणि त्यांच्या आतड्यात नळीवाटे सहा जातींचे उपकारक जंतू सोडले; आपल्या दह्या-ताकात असतात त्या कुळातले. कल्पना निर्दोष होती. आतड्यातील वाईट जंतूंना चांगल्यांनी हटवावे, बांध बळकट व्हावा, संसर्ग टळावा. ताकासारख्या वस्तूने कोणाचे काय वाईट होणार, असेच कोणालाही वाटले असते. २००८ साली निकाल आला. संसर्ग कमी झालाच नाही. मृत्यू मात्र, जंतू दिलेल्या १५२ रुग्णांत २४ आणि न दिलेल्या १४४ रुग्णांत ९. जंतू दिलेल्यांपैकी नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला. दुसऱ्या गटात असा एकही नव्हता. जे निरोग्याला अमृत ते अत्यवस्थाला विष, असे सरधोपट सूत्र यातून काढता येणार नाही. कारण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या २,६५० रुग्णांच्या दुसऱ्या एका प्रयोगात अशाच एका जंतूने ना मृत्यू वाढविले ना काही लाभ दिला. निघते ते एवढेच की, अर्धपोटी रक्तावर कसेबसे तगून राहिलेल्या आतड्याविषयी अंदाजाने बोलता येत नाही. हॉलंडच्या डॉक्टरांनी मोजणी ठेवली होती म्हणून चूक उघडकीस आली. चोरून दिलेल्या दोन चमच्यांची मोजणी कोण ठेवणार?

आणि ती बाटलीही पाहावी. काढा तीन दिवसांपूर्वी उकळलेला, शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरलेला, एस.टी.च्या उकाड्यात प्रवास केलेला. धडधाकट माणसाच्या जठरातील आम्ल त्यातल्या जंतूंचा समाचार घेते. परंतु अतिदक्षता विभागातील पुष्कळांना जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून आम्ल मारणारे औषध चालू असते, आणि ते योग्यच आहे. म्हणजे वेशीवरचा पहारेकरी मुद्दाम झोपविलेला. शिवाय काढ्यातील गाळाने नळी तुंबते ते वेगळेच. मूत्रपिंडे मंदावलेल्या रुग्णाला वनस्पतींतील पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साचून हृदयाचा ठोका चुकवू शकते. याच कारणाने, ज्या संत्र्यावर पांढुर्णा-सौंसरचा संसार चालतो त्याचा रसही अशा रुग्णाला वर्ज्य असू शकतो. शंभर मिलिलिटर रसात सुमारे दोनशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते. ज्येष्ठमधाचे उलटे. ते पोटॅशियम उतरविते आणि रक्तदाब चढविते. जठरव्रणावरील त्याचा गुण १९४० च्या दशकात हॉलंडमध्येच लक्षात आला, त्यापासून गोळीही निघाली, आणि याच दोषामुळे ती मागे पडली. दोषासकट गुण ओळखणे यालाच औषधाचे ज्ञान म्हणतात.

करोनाच्या काळात प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी गुळवेलीचा काढा घरोघर उकळत होता. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदविले. त्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, वनस्पतीच्या ओळखीचा प्रश्न उपस्थित केला; पुढील वर्षी देशातील तेरा केंद्रांतून तशाच ४३ रुग्णांची नोंद पुढे आली. वाद अजून शमलेला नाही. परंतु या वादातही पाहण्यासारखे आहे ते हे की, कोणीतरी रुग्णाला ‘घरी काय घेत होतास?’ असे विचारले म्हणूनच ही गोष्ट कळली.

येथे आमचे काही वाचक विचारतील की, काढ्याचे दोष काढता, पण दुकानातली बाटली तरी शुद्ध असते काय? प्रश्न रास्त आहे, आणि या भागात तो विचारण्याचा अधिकार फार मोठी किंमत देऊन मिळालेला आहे. २०२५ च्या पावसाळ्याअखेर कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने छिंदवाडा, पांढुर्णा आणि बैतूल जिल्ह्यांतील वीसहून अधिक बालकांचे प्राण घेतले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य जवळजवळ निम्म्या प्रमाणात, ४८.६ टक्के, आढळले. मूत्रपिंडे निकामी झालेली त्यातली कितीतरी मुले शेवटच्या आशेने नागपूरलाच आणली गेली होती. ज्या आईबापांनी डॉक्टरने लिहून दिलेले, शिक्क्याचे, छापील वेष्टनाचे औषध दिले आणि मूल गमावले, त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ‘काढा अशास्त्रीय आहे’ एवढे सांगून गप्प बसविता येईल, ही कल्पना आम्हांला तर निर्दयपणाची वाटते. विश्वास गमावला आहे तो सरकारने आणि कारखानदाराने. तो काढ्यावर राग काढून परत मिळणार नाही.

तो मिळण्याचा मार्ग आपल्याच देशात दोनदा दिसला आहे. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीने माणसे पटापट मरत असताना डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले, नातेवाइकांच्याच हातांनी पाजविले, आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चारांच्या आत आणले. रोगाने पछाडलेले आतडेही साखरेच्या संगतीने मीठ शोषून घेते, या शरीरधर्माचा त्यांनी उपयोग केला. पुढे साखरेऐवजी तांदळाच्या पेजेनेही ते काम साधते हे सिद्ध झाले. दुसरे उदाहरण ओडिशाचे. तेथील खेड्यांतील ४,५५६ नवजात बालकांवर झालेल्या प्रयोगात उपकारक जंतू आणि त्यांचे खाद्य आठवडाभर दिल्याने रक्तदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. ही बालके जन्मतः धट्टीकट्टी होती, अत्यवस्थ नव्हती, हा फरक विसरता कामा नये. पण स्वस्त, घरगुती म्हणावी अशी वस्तू घेऊन, हजारो खेडवळ कुटुंबांना विश्वासात घेऊन, काटेकोर मोजणी करणे भारतात शक्य आहे, हे तर ठरले.

मग ते नागपुरात का होऊ नये? त्या एका शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि आता एम्सही आहे. २०२४ साली आयुष मंत्रालय व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी ज्या एम्स संस्थांत समन्वित संशोधनाची केंद्रे जाहीर केली, त्यांत नागपूरचे नाव आहे. काढ्याची बाटली घेऊन येणारा माणूसही तेथेच येतो. असे असताना या तिन्ही ठिकाणच्या जाणत्यांनी एका टेबलाभोवती बसू नये, याला भांडणाखेरीज दुसरे कारण दिसत नाही. आयुर्वेदवाल्यांना चाचणीत अपमान वाटतो आणि ॲलोपॅथीवाल्यांना चाचणीचीही लाज वाटते. चिनी डॉक्टरांनी करडईच्या फुलाची मोजणी केली तेव्हा त्यांच्या परंपरेचे काही बिघडले नाही.

आरंभ फार मोठ्या प्रश्नापासून करण्याची गरज नाही. नळीने अन्न घेणाऱ्या रुग्णाचे जुलाब, हा साधा, रोजचा, परिचारिकांना बेजार करणारा प्रश्न घ्यावा. बेलफळाचा गर शुद्ध, गाळीव आणि ठराविक मात्रेत तयार करून घ्यावा; त्यातील शिसे-पारा तपासावा; रक्तदाब न स्थिरावलेले रुग्ण कटाक्षाने वगळावेत; प्रयोगाची नोंद आधी चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत करावी आणि निकाल काहीही येवो, तो छापावा. संमतिपत्र मराठीत असावे, आणि ते सौंसरच्या शेतकऱ्याला वाचून दाखविल्यावर कळेल अशा मराठीत असावे.

हे होईल तेव्हा होवो. त्याआधी उद्या सकाळपासून करण्यासारखी एक गोष्ट आहे व तिला पैसा लागत नाही. प्रत्येक अतिदक्षता विभागात रुग्णाची माहिती घेताना ‘घरचे औषध’ असा एक रकाना ठेवावा आणि तो न रागावता विचारून भरावा. आणलेली बाटली फेकू नये. तिच्यावर नाव-तारीख घालून ती बाजूला ठेवावी, म्हणजे पुढे काही बिनसल्यास तपासता येईल. आणि त्या बायकोच्या रिकाम्या हातांना काम द्यावे. रुग्णाला चालत असेल तेव्हा, आहारतज्ज्ञाने मोजून सांगितलेली मुगाची किंवा तांदळाची पातळ पेज, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात, स्वच्छ भांड्यात, तिच्या देखत व्हावी. किती मिलिलिटर, किती तासांनी, हे तिला दाखवावे. आणि नळीतून ती जाताना तिला काचेच्या आत दोन मिनिटे उभे राहू द्यावे.